रंगभूमीवरचा राजहंस : नारायणराव बालगंधर्व

(द्वितीय वर्ष कला)

मराठी रंगभूमीचा विषय निघाला आणि बालगंधर्वांचे नाव आले नाही असे सहसा घडत नाही. आमच्या पिढीला मात्र हे नाव एका नाट्यगृहाचे म्हणून आधी कळते आणि माणसाचे म्हणून नंतर. काहींना ते 2011 साली आलेल्या सुबोध भावे यांच्या चित्रपटामुळे कळले. मला ते कळले आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, मराठी नाटकाचा पेपर करताना. घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यामुळे संगीत नाटक, नाट्यपद, गंधर्वयुग हे शब्द आमच्या घरी कधी उच्चारलेच गेले नव्हते.

एका संध्याकाळी मी मोबाइलवर त्यांची जुनी ध्वनिमुद्रिका लावून बसलो होतो. आबा उसाला पाणी पाजून आले, पाय धुता धुता थांबले आणि ही कोण बाई गाते म्हणून विचारू लागले. बाई नव्हे, पुरुष आहे, असे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग मी फोटो दाखवला. नऊवारी शालू, अंबाड्यावर गजरा, नाकात नथ, नजर किंचित खाली. आबांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता मोबाइल परत दिला. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यातून जाईना.

त्यांचे मूळ नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म 26 जून 1888. राजहंस घराणे कृष्णाकाठच्या नागठाण्याचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले; आमच्या वारणाकाठापासून ते काही फार लांब नाही. मुलाचा गळा लहानपणापासून गोड. तो ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. पुढे वय वाढले, केस पिकले, तरी नावातला बाल काही गेला नाही.

नाटकात येण्याच्या वाटेवर आपले कोल्हापूर आहे, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. नारायणाचा कान अधू होता. राजर्षी शाहू महाराजांनी त्याचे गाणे ऐकले आणि मिरजेला डॉ. वानलेस यांच्याकडे त्याच्या उपचाराची व्यवस्था केली, असे सांगतात. त्या वेळी किर्लोस्कर नाटक मंडळी अडचणीत होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचा पाया घातला होता, आणि त्या मंडळीचे दैवत म्हणजे भाऊराव कोल्हटकर. तेही स्त्री-भूमिका करीत. भाऊराव 1901 मध्ये वारले आणि मंडळीचा आधारच हरपला. तशात हा सुंदर चेहऱ्याचा, गोड गळ्याचा मुलगा हाताशी आला. 1905 मध्ये तो मंडळीत दाखल झाला आणि मिरजेला शकुंतला म्हणून उभा राहिला. वय सतरा.

आजच्या वाचकाला प्रश्न पडेल की शकुंतलेचे काम एखाद्या बाईनेच का करू नये. त्या काळी घरंदाज स्त्रीने रंगमंचावर पाऊल टाकणे म्हणजे घराण्याला बट्टा, अशी समजूत होती. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या, नाही असे नाही. पण त्यांतल्या बहुतेक स्त्रिया गाण्याबजावण्याचा पेशा असलेल्या घरांतल्या, आणि प्रतिष्ठित समाज त्यांची नाटके पाही तो नाक मुरडून. तेव्हा सुभद्रा, वसंतसेना, रुक्मिणी, शारदा साऱ्या पुरुषांनीच करायच्या. यात नवल वाटण्यासारखे कोणाला काही दिसत नसे.

नारायणरावांनी मात्र त्यात नवल आणले. त्यांच्या आधीचे नट लुगडे नेसत. नारायणराव ते कसे नेसायचे, पदर कुठे आवरायचा, चालताना निऱ्या कशा सांभाळायच्या याचा विचार करीत. आवाज चोरून बायकी काढण्याचा खटाटोप त्यांनी केला नाही. आपल्या मूळच्या गोड, हलक्या गळ्यातच ते बोलत आणि गात. शब्द इतके स्पष्ट की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावेत. आणि लक्षात घ्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. नाटक रात्री सुरू होई, एकेका पदाला वन्समोअर मिळत मिळत पहाट होई. मी त्यांच्या जेवढ्या मुद्रिका ऐकल्या त्या तीन-तीन मिनिटांच्या आहेत. त्यावरून त्या रात्रींचा अंदाज बांधणे म्हणजे मूठभर उसाच्या कांड्यांवरून फडाचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

गाण्यातले त्यांचे गुरू म्हणजे भास्करबुवा बखले. बुवांसारखा थोर गवई नाटकातल्या पदांना चाली द्यायला बसतो, ही गोष्ट साधी नव्हे. खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ 10 डिसेंबर 1916 रोजी रंगभूमीवर आले. त्याच्या चाली बुवांच्या, रुक्मिणी नारायणरावांची. रागदारी ही दरबारातली किंवा बैठकीतली गोष्ट होती. ती या पदांतून माजघरात आली, चुलीपुढे गुणगुणली जाऊ लागली. साथीलाही त्यांनी माणसे निवडली ती तशीच तोलाची. तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष. आज एखाद्या कलावंताबरोबर थिरकवाँचे नाव छापले तर लोक त्या एका नावासाठी तिकीट काढतील. गंधर्व मंडळीत ते नाटकाच्या साथीला बसत.

पण मी थोडा पुढे गेलो. त्याआधी 1911 चे ‘मानापमान’ सांगितले पाहिजे. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. हे गोविंदरावही कोल्हापूरशी जोडलेले. पहिला प्रयोग 12 मार्च 1911 रोजी होता. नारायणराव भामिनी करणार होते, श्रीमंतीचा तोरा मिरवणारी अल्लड मुलगी. आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा असे सर्वांना वाटले. त्यांनी तो रद्द होऊ दिला नाही. तोंडाला रंग लावला, शालू नेसला आणि हसत रंगमंचावर गेले.

ही हकिगत सर्व पुस्तकांत कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून येते. ती वाचून माझ्याही अंगावर काटा आला. पण दुसऱ्यांदा वाचताना मनात आले ते लक्ष्मीबाईंविषयी, त्यांच्या पत्नीविषयी. त्या रात्री त्या बिऱ्हाडी होत्या, लेकरू गेलेले होते, आणि नवरा दुसऱ्या एका बाईच्या रूपात हजार माणसांना हसवीत होता. मी वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात त्या रात्रीच्या लक्ष्मीबाई मला भेटल्या नाहीत. नारायणरावांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याची माझी पात्रता नाही. परंतु तिची किंमत दोघांनी भरली, एवढे तरी म्हणायला हवे.

1913 मध्ये नारायणराव, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे 1915 मध्येच वेगळे झाले. मंडळीचा थाट मात्र राजेशाही. भारी शालू, अस्सल अत्तर, नक्षीदार पडदे. पैशाकडे पाहायचे नाही हा मालकाचा स्वभाव. बायका त्यांचे नाटक पाहायला जात त्या निम्म्या नाटक पाहायला आणि निम्म्या लुगडे पाहायला, असे म्हटले तर वावगे ठरू नये. त्यांच्यासारखा गजरा, त्यांच्यासारखा अंबाडा, हातात त्यांच्यासारखा रुमाल अशी रीतच पडली. पुरुषांत गंधर्व टोपी निघाली. एका पुरुषाने बायकांना बाई कसे दिसावे हे शिकवले. इथे मला जरा हसू येते आणि जरा विचारही पडतो; कारण त्याच बायकांना त्या रंगमंचावर जाण्याची मुभा नव्हती.

अशा या शालूतल्या राजहंसाने एके दिवशी ठिगळे लावलेले लुगडे नेसले. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी वारले आणि त्यांच्या मागे, 20 फेब्रुवारीला, बडोद्यात नाटकाचा पहिला प्रयोग झाला. गणपतराव बोडस दारूत बुडणारा सुधाकर, नारायणराव त्याची बायको सिंधू. गडकऱ्यांना पदे लिहिण्याइतके आयुष्य मिळाले नाही. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. सिंधू दळण दळते, उपाशी राहते, मार खाते आणि नवऱ्याला एक शब्द उलट बोलत नाही. आमच्या वर्गात या नाटकावर चर्चा झाली तेव्हा मुलींनी सिंधूला चांगलेच धारेवर धरले आणि मला त्यांचे म्हणणे पटले. पण नटाच्या बाजूने पाहा. ज्याच्या रूपावर आणि दागिन्यांवर लोक जीव टाकत होते, त्याने ते सारे उतरवून ठेवले आणि फाटक्या लुगड्यात तेच प्रेक्षक रडवले. नुसत्या शालूची ती जादू असती तर सिंधू पडली असती.

याच काळात कोल्हापूरचाच दुसरा एक मोठा नट कीर्तीच्या शिखरावर होता, केशवराव भोसले. जन्म 1890, कोल्हापूर. गरिबीमुळे लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने नावारूपाला आले. 1908 मध्ये त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. केशवराव पुढे पुरुष भूमिकांकडे वळले आणि तिथेही तितकेच गाजले. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केले. केशवराव धैर्यधर आणि नारायणराव भामिनी. जुनी माणसे या प्रयोगाबद्दल पुढे आयुष्यभर बोलत राहिली. त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघे एकतीस. कोल्हापुरातले त्यांच्या नावाचे नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळी 1915 मध्ये उभे राहिलेले पॅलेस थिएटर, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ते दृश्य टीव्हीवर पाहताना आमच्या गल्लीतली, जन्मात कधी नाटकाला न गेलेली माणसेही हळहळत होती.

केशवरावांप्रमाणे नारायणरावांना पुरुष भूमिकांकडे वळणे जमले नाही, हा त्यांच्या पुढच्या सगळ्या दुःखाचा उगम आहे असे मला वाटते. लोकांनी त्यांना वळू दिले नाही असेही म्हणता येईल.

इथे थोडे माझ्याबद्दल सांगतो, विषय सोडून नव्हे. दोन वर्षांपूर्वी गणपतीत एका मंडळाने नाटक बसवले. रात्रीच्या तालमींना मुलगी पाठवायला कोणी तयार होईना, म्हणून नायकाच्या बहिणीचे काम माझ्याकडे आले. आईचे लुगडे, चुलतीच्या बांगड्या. नाटक चांगले झाले, टाळ्याही पडल्या. पण त्यानंतर कितीतरी महिने मला काहींनी माझ्या नावाने हाक मारली नाही. जी हाक मारली ती इथे लिहिण्यासारखी नाही. म्हणजे शंभर वर्षांनंतरही बहिणीचे काम मुलानेच करायचे, आणि केले की त्याला हिणवायचे! आपल्याच कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी तमाशापटांतून नाच्याच्या भूमिका केल्या. 2008 मध्ये वारेपर्यंत लोकांनी त्यांना पडद्याबाहेरही नाच्याच समजून वागवले. त्यांना घरसंसार होता, मुलेबाळे होती, तरी कुजबुज थांबली नाही.

मग एकाला गंधर्व म्हणायचे आणि दुसऱ्याला पाहून हसायचे, हा फरक कशाने पडला? गुणाने, असे उत्तर पटकन येते. गुण तर होताच, तो नाकारणारा मी कोण! पण एवढेच कारण नसावे. नारायणरावांच्या पाठीशी टिळकांचा शब्द होता, संस्थानिकांचा आश्रय होता, बखलेबुवांची तालीम होती, खाडिलकर-गडकऱ्यांची लेखणी होती. त्यांनी केलेल्या नायिका शकुंतला, रुक्मिणी, द्रौपदी, म्हणजे पूज्य स्त्रिया. प्रेक्षक हात जोडूनच बसलेला. तमाशातल्या नाच्याला हसवण्यासाठीच उभे केलेले, आणि तो ज्या वस्तीतून यायचा तिला हात जोडण्याची कोणाची सवय नव्हती. लुगडे एकच, ते कोणत्या घरातून आणि कोणत्या मांडवात नेसले गेले यावर मान ठरला. माझ्या या मतावर आमचे मराठीचे प्राध्यापक म्हणाले की बाजू मांडण्यासारखी आहे, पण जपून मांड. म्हणून इथेच थांबतो.

आता उतरती बाजू. 1921 च्या सुमारास गंधर्व मंडळीवरील कर्ज लाखाच्या वर गेले. तेव्हाच्या लाखाचा आजचा हिशेब मला करता येत नाही, पण एका नाटक कंपनीला ती रक्कम बुडवायला पुरेशी होती. नारायणरावांनी हात वर केले नाहीत. कर्ज अंगावर घेतले, गावोगाव प्रयोग केले आणि वर्षानुवर्षे राबून ते फेडले. प्रेक्षकांना ते मायबाप मानीत आणि ज्याला त्याला देवा म्हणून हाक मारीत. सावकारालाही तेच म्हणत असतील काय, कोण जाणे.

तोवर जग बदलत चालले होते. बोलपट आले. हिराबाई बडोदेकरांसारख्या थोर गायिका नाटकात उतरल्या. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांनी भूमिका केली आणि प्रतिष्ठित रंगभूमीवरही स्त्रीने स्त्रीचे काम करावे हे लोकांना पटू लागले. हे व्हायलाच हवे होते. पण ज्या माणसाने जवळजवळ तीस वर्षे स्वतःला दुसऱ्या रूपात घडवले, त्याने काय करावे? पन्नाशीकडे झुकलेले शरीर, सुटलेला बांधा, आणि डोळ्यांसमोर खऱ्याखुऱ्या तरुण नायिका.

प्रभातने त्यांना चित्रपटात आणले. ही प्रभात कंपनीही 1929 मध्ये कोल्हापुरात जन्मली आणि पुढे पुण्याला गेली. शांतारामबापूंनी दिग्दर्शित केलेल्या, 1935 च्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. महात्मा गांधींची आठवण होते म्हणून इंग्रज सरकारच्या सेन्सॉरने ते बदलायला लावले. एका चित्रपटातच ही भागी संपली. मग बाबूराव पेंटरांनी 1937 मध्ये ‘साध्वी मीराबाई’ काढला आणि त्यात नारायणराव पुन्हा स्त्रीवेषात आले, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. रंगमंचावरच्या दिव्यांत जे झाकले जाते ते कॅमेरा जवळ येऊन दाखवतो. तिथे दूरच्या रांगेतला मायबाप नव्हता.

पुढची गोष्ट गोहरबाईंची. गोहर कर्नाटकी या विजापूरकडच्या गायिका, नारायणरावांहून बावीस वर्षांनी लहान. त्यांच्या मुद्रिका ऐकून ऐकून त्यांनी ती गायकी गळ्यात उतरवली होती. 1938 मध्ये त्या मंडळीत आल्या. यातली गंमत पाहा. एक पुरुष बाई होऊन गायला, त्याचे ऐकून एक बाई गायला शिकली आणि शेवटी त्याच्याच नायिकांच्या भूमिका तिच्याकडे गेल्या. गोहरबाई नायिका आणि नारायणराव पुरुषाच्या वेषात असे प्रयोग झाले. लोकांना ते रुचले नाही. लक्ष्मीबाई 1940 मध्ये गेल्या. 1951 मध्ये नारायणरावांनी गोहरबाईंशी लग्न केले. त्या मुसलमान, त्या गाणाऱ्यांच्या घरातल्या. तेव्हा ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांतल्या अनेकांनी पाठ फिरवली. गोहरबाईंनी त्यांना लुबाडले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी एवढेच पाहतो की पैसा गेला, रूप गेले, पुढे पायही अधू झाले, आणि या साऱ्या काळात ती बाई त्यांच्याजवळ होती.

साठी उलटल्यावरही ते सिंधू म्हणून उभे राहिले. ते पाहणाऱ्यांपैकी काहींना त्यांची कीव आली, काहींना पदाची पहिली ओळ कानावर पडताच सारे विसरायला झाले. दोन्ही खरे असेल. नाटक थांबल्यावर ते भजने गात. 1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1964 मध्ये पद्मभूषण. त्याच 1964 मध्ये गोहरबाई वारल्या.

पुण्याला त्यांच्या नावाचे रंगमंदिर बांधायचे ठरले तेव्हा त्याची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसवली गेली, 8 ऑक्टोबर 1962 रोजी. स्वतःच्या नावाच्या इमारतीचा पहिला दगड स्वतः बसवण्याचा योग फार थोड्यांना येतो. इमारत उभी राहायला वेळ लागला. 15 जुलै 1967 रोजी नारायणराव पुण्यातच वारले आणि 26 जून 1968 रोजी, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी, रंगमंदिराचे दार उघडले. आत गोपाळराव देऊस्करांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी चित्रे लावली. एकात ते पुरुषवेषात आहेत, दुसऱ्यात स्त्रीवेषात.